वीस रुपयांचा तुकाराम

करडीहून नागपूरला जायचे म्हणजे आधी एस.टी.ने भंडारा गाठायचे आणि तिथे गाडी बदलायची. २०१९ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे शिक्षक शाळेसाठी भिंगे आणायला नागपूरला गेलो होतो. भिंगे मिळाली. परतताना सीताबर्डीवर एका दुकानाबाहेर प्लास्टिकच्या तीन टोपल्या मांडलेल्या दिसल्या. दुकान मोबाईलच्या वस्तूंकडे वळत होते आणि सिनेमाच्या चकत्यांचा उरलेला माल काढून टाकत होते. पहिल्या टोपलीवर २० रुपये, दुसरीवर ४०, तिसरीवर ९९ असे खडूने लिहिले होते. पहिलीत व्हीसीडी, दुसरीत डीव्हीडी आणि तिसरीत निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे.

आम्ही पहिल्या टोपलीतून प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ उचलला. दोन चकत्यांचा संच, वीस रुपये. दुसरीतून ‘श्यामची आई’ घेतला. तिसऱ्या टोपलीत बहुतेक मारामारीचे इंग्रजी चित्रपट होते. त्यांतला एक स्वस्तात स्वस्त दिसणारा, केवळ प्रयोगासाठी म्हणून घेतला. त्या टोपलीत जुना मराठी चित्रपट एकही नव्हता.

शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात या चकत्या दाखवल्या, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, हे इतले स्वस्त काहून?” आम्ही म्हटले, आता लोक मोबाईलवर पाहतात म्हणून. ती एवढ्यावर थांबली नाही. “मग हा पिच्चर कुठी ठेवला हाय? खराखुरा?” तिला वाटले होते की चकती ही फक्त नक्कल आणि खरा चित्रपट कुठेतरी कपाटात असेल. तिचे म्हणणे बरोबर होते, आणि उत्तर आम्हाला नीट देता आले नाही. पुढले काही महिने आम्ही त्या उत्तराच्या मागे होतो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत, कारण इतिहास, रसायन आणि प्रकाशशास्त्र असे तीन तास त्यात सहज बसतात.

चित्रपट पहिल्यांदा भारतात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंच्या माणसाने तो दाखवला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला. तो चार रिळांचा होता. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे आहेत. आणि तीसुद्धा १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण वा तुकड्यांत उरलेले तिशीच्या आत आहेत. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर अजिबात उरलेला नाही. एखाद्या ग्रंथालयातली शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव पुस्तके नाहीशी व्हावीत, तसा हा हिशेब आहे.

हे कसे झाले? याचे एक उत्तर रसायनात आहे आणि दुसरे बाजारात.

जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसातले सेल्युलोज नायट्रिक आम्लाच्या क्रियेने बदलायचे, त्यात कापूर मिसळायचा, की पारदर्शक, लवचिक पट्टी तयार होते. याच क्रियेत नायट्रेटचे प्रमाण थोडे वाढवले की बंदुकीचा कापूस होतो, म्हणजे स्फोटक. या नातेसंबंधावरूनच फिल्मचा स्वभाव लक्षात यावा. ती पेटली की विझत नाही, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्याच रेणूत असतो. पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. पेटली नाही तरी ती स्वस्थ बसत नाही. हळूहळू तिच्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते, आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मचे विघटन आणखी वेगाने करते. आधी चित्र फिके पडते, मग पट्टी चिकट होते, मग सारे रीळ एक गोळा बनते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. उष्णता आणि दमटपणा यांनी हा वेग वाढतो. म्हणजे मुंबईचा पावसाळा आणि आमच्या भंडाऱ्याचा मे महिना, दोन्ही तिला घातक.

कोडॅक कंपनीने नायट्रेट फिल्म १९५१ च्या सुमारास बंद केली. तिच्या जागी सेल्युलोज ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म आली. ती भडकत नाही. पण तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, डब्याचे झाकण उघडले की व्हिनेगरचा वास येतो, आणि फिल्म आकसून वेडीवाकडी होते. ट्रायॲसिटेट फिल्म १९४८ साली बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आत तिच्या या दुखण्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली. ती भारत सरकारकडून गेली होती. आमच्या हवेने जगाला दिलेली ही एक वैज्ञानिक नोंद म्हणायची!

बाजाराचे उत्तर साधे आहे. चित्रपट चालून गेला की रिळे म्हणजे अडगळ. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचे चित्र चांदीच्या कणांचे असते. ती रिळे धुऊन चांदी काढून घेता येत असे, आणि घेतली जाई. घरात साठवून आग लागण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे, असा विचार त्या काळच्या मालकांनी केला असेल तर त्यांना फार दोष देता येत नाही. पुढे कधीतरी घरोघरी माणसे हे चित्रपट पाहायला मागतील, ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

आता ‘संत तुकाराम’कडे वळू. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा आज पाहायला मिळणारा सर्वांत जुना मराठी बोलपट त्यांचाच. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे १९५० च्या दशकात कंपनी बंद पडली. तिच्या जागेत १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली.

या संग्रहालयाची गोष्ट पी. के. नायर यांच्यावाचून सांगता येत नाही. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देशभर फिरून, जुन्या स्टुडिओंच्या गोदामांतून आणि निर्मात्यांच्या घरांतून रिळे गोळा केली. फाळक्यांची उरलेली रिळे त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवली. १९१९ चा ‘कालिया मर्दन’, ज्यात फाळक्यांच्या लहानग्या मंदाकिनीने कृष्णाचे काम केले आहे, तो आज बराचसा पाहता येतो तो याच खटपटीमुळे. नायर २०१६ साली गेले.

संग्रहालयात आले म्हणजे सुटले, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली. आत नायट्रेटची रिळे होती, त्यांत प्रभातचीही. वर सांगितलेले रसायन आठवले तर त्या आगीपुढे बंबाचे किती चालले असेल, याची कल्पना येईल. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या ते चित्रपट म्हणून वाचले. त्यांची मूळ रिळे गेली. प्रत काढून ठेवणे हे काम किती नीरस वाटते! पण त्या दिवशी वाचवले ते त्यानेच.

मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे झाले. ‘खराखुरा’ चित्रपट म्हणजे डब्यातली फिल्म, आणि ती हळूहळू मरत असते. आता चकतीकडे पाहू.

१३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ ३५ मिलिमीटर फिल्मवर किती लांब होतो? एका फुटात १६ चौकटी आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. गुणाकार मुलांनी करावा. उत्तर ११,७९० फूट येते. हजार फुटांची बारा रिळे. करडीसारख्या गावांत पूर्वी फिरत्या टॉकीज येत, त्यांच्याकडे अशी पेटारेभर रिळे असत. तीच प्रत गावोगाव वर्षानुवर्षे फिरे आणि ओरखडे पडून पडद्यावर पाऊस पडू लागे. तो सारा पेटारा १२ सेंटिमीटरच्या दोन चकत्यांत मावला.

दोनच का, एक का नाही? व्हीसीडी १९९३ साली आली ती गाण्यांच्या सीडीच्याच चकतीवर. तिच्यावर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावावे म्हणून चित्रच लहान केले: आडवे ३५२ ठिपके, उभे २८८. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात निघाली, तिच्यावर ७२० गुणिले ५७६. ब्लू-रे २००६ ची, तिच्यावर १९२० गुणिले १०८०. गुणाकार केला तर एका चौकटीत अनुक्रमे १,०१,३७६, ४,१४,७२० आणि २०,७३,६०० ठिपके येतात. व्हीसीडीपेक्षा ब्लू-रेवर वीसपट चित्र असते.

चकतीचा आकार तेवढाच राहिला, मग वीसपट माहिती मावली कुठे? चकतीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या सर्पिल रेघेत लिहिलेली असते आणि लेसर किरण ती वाचतो. किरणाचा ठिपका त्याच्या तरंगलांबीहून फारसा लहान करता येत नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा तांबडा. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. तरंगलांबी घटली, भिंगे सुधारली आणि रेघा जवळ आल्या: सीडीवर दोन रेघांत १.६ मायक्रॉन अंतर, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. निळा प्रकाश देणारे अर्धवाहक बनवणे ही मोठी अडचण होती. ती दूर करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीबद्दल २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. बारीक लेखणी हवी तर टोक बारीक हवे, एवढेच मुलांना सांगितले तरी पुरते.

हे वर्गात दाखवता येते, आणि ९९ रुपयांची ती मारामारीची चकती आम्ही त्यासाठीच घेतली होती. बाजारात मिळतो तो तांबड्या प्रकाशाचा लेसर घ्या. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, त्यातून किरण १० सेंटिमीटरवर ठेवलेल्या चकतीवर सरळ पडू द्या. (किरण कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही, याची खबरदारी शिक्षकांनीच घ्यावी. परावर्तित किरणसुद्धा तितकाच वाईट.) सीडी असेल तर पुठ्ठ्यावर भोकापासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना तांबडे ठिपके दिसतात. डीव्हीडी असेल तर ठिपके दूर जातात, सुमारे १८ सेंटिमीटरवर. ब्लू-रे ठेवली की बाजूचे ठिपके नाहीसेच होतात! रेघांमधले अंतर तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्यामुळे विवर्तनाचा पहिला किरण निघूच शकत नाही. डोळ्याला न दिसणारे अंतर पुठ्ठ्यावर पट्टीने मोजता येते, हे मुलांना पटायला एक तास लागला. तो तास आमच्या आठवणीत राहिला.

किमतीचे मात्र रसायन किंवा प्रकाश यांनी उत्तर मिळत नाही. चकती छापली जाते, लिहिली जात नाही. खळग्यांचा उलटा साचा एकदा बनवला की वितळलेले पॉलिकार्बोनेट त्यात दाबायचे, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर द्यायचा. काही सेकंदांत एक चकती. खर्च साच्याचा आणि हक्कांचा, प्लास्टिकचा नव्हे. २००७ साली मोजर बेअर या कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या भारतीय कंपनीने ही गोष्ट ओळखून व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. त्याआधीच्या अधिकृत चकत्या याहून कितीतरी महाग असत आणि लोक रस्त्यावरच्या चोरट्या प्रती घेत. जुने चित्रपट पहिल्यांदाच वडापावाच्या हिशेबात आले. अनेक शाळांची चित्रपटांची कपाटे त्याच काळात भरली असतील. मग इंटरनेट स्वस्त झाले, चकत्या पडून राहिल्या, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघून तिच्या मालमत्तेच्या विक्रीचा आदेश निघाला. आमच्या टोपल्या म्हणजे त्या ओहोटीचा काठ.

आता एक तुलना. आमच्या सहकाऱ्यांचा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे जुन्या चित्रपटांच्या उत्तम ब्लू-रे प्रती काढल्या जातात आणि वर्षातून ठरावीक वेळी त्या अर्ध्या किमतीत विकल्या जातात. त्याने मामांसाठी चार्ली चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’ची अशी चकती पाठवली. आम्ही उत्साहाने शाळेचा प्लेअर लावला. पडद्यावर फक्त एक सूचना आली. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडले आहेत: अमेरिका ‘ए’ विभागात, भारत ‘सी’ विभागात. एका विभागाची कुलूपबंद चकती दुसऱ्या विभागाच्या यंत्रात चालत नाही. प्रकाशाच्या नियमांत हे कुठेही बसत नाही, हे व्यापाऱ्यांनी घातलेले कुंपण. दिवाळीत भाचा स्वतःचे यंत्र घेऊन आला, तेव्हा कुठे आम्ही तो पाहिला.

‘मॉडर्न टाइम्स’ही १९३६ चाच. तुकाराम आणि चॅप्लिन, दोघे एकाच वर्षीचे. एकामागून एक लावले तेव्हा आम्ही गप्प झालो. चॅप्लिनच्या कोटाचे विरलेले धागे दिसत होते, कारखान्यातल्या यंत्राचे तेल चकाकत होते. आमचा तुकाराम धुक्यातून चालत होता. जिजाई रागावते तेव्हा तिचे डोळे दिसायला हवेत. तिथे दोन काळे डाग होते. वर्गातल्या एका मुलाने लगेच निष्कर्ष काढला, “तिकडचा कॅमेरा चांगला असल सर.” तसे नव्हते. चांगल्या स्थितीतल्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीतून आडवे चार हजार ठिपके वेचावेत इतका तपशील निघू शकतो, तो १९३६ चा असला तरी. ब्लू-रेवर तो बराचसा उतरतो, व्हीसीडीवर त्याचा विसावा भागही धड उतरत नाही. शिवाय आमच्या चकतीवरचे चित्र एखाद्या झिजलेल्या प्रतीवरून घेतले असावे असे वाटते. फरक कॅमेऱ्याचा नव्हता, पुढच्या ऐंशी वर्षांतल्या सांभाळण्याचा होता. चॅप्लिनचे चित्रपट त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते आणि ते त्याने जपले. प्रभातची कंपनीच उरली नाही.

सांभाळ सुटला तरी काय करता येते, याचे उदाहरण आपल्याच देशातल्या चित्रपटांचे आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. जळके, चिकटलेले तुकडे कुणी फेकले नाहीत. अमेरिकेतल्या ॲकॅडमीच्या संग्रहालयाने ते ठेवून घेतले. वीस वर्षांनी क्रायटेरियन या चकत्या काढणाऱ्या कंपनीने ते इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा दिला, वितळलेला डिंक आणि मेण काढले, तुटलेली भोके हाताने दुरुस्त केली. नुसत्या हातकामालाच हजारेक तास लागले. ‘पथेर पांचाली’चा चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हमधूनच मिळाला. उरलेले इतर प्रतींवरून भरले. २०१५ मध्ये तो चित्रपट न्यूयॉर्कला दाखवला गेला आणि त्याच वर्षी त्याच्या ब्लू-रे चकत्या निघाल्या. म्हणजे तिकडच्या विक्रीत अर्ध्या किमतीला मिळणारी चकती अशा कामाचा खर्च थोडा का होईना भरून काढते. आमच्या वीस रुपयांतून तुकारामाच्या फिल्मकडे काय गेले असेल, हा हिशेब आम्ही केला नाही.

आपल्याकडे काहीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपट दुरुस्त करण्यासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. त्याच वर्षी पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केले गेले. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१४ पासून काम करते. तिने दुरुस्त केलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट, त्याला हे भाग्य लाभले याचा आम्हाला विशेष आनंद झाला.

आमची चकती आता शाळेच्या लोखंडी कपाटात आहे. उन्हाळ्यात ते कपाट हात लाववत नाही इतके तापते, म्हणून सुट्टीत आम्ही चकत्या माठाजवळच्या फडताळात ठेवतो. तरी पुष्कळ हाताळणीने ‘संत तुकाराम’च्या दुसऱ्या चकतीवर ओरखडे पडले आहेत. शेवटाकडे, तुकाराम वैकुंठाला निघतात आणि गरुडाचे विमान उतरते, तिथे चित्र अडकते. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिने तो भाग आधी पूर्ण पाहिला होता. नंतरच्या वर्गांना तो ती तोंडी सांगत असे. ती दहावी होऊन गेल्यापासून आम्ही सांगतो.